लाल डब्याची पंगत

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. तो मला वडिलांकडून आला आहे. आमचे वडील आनंदराज रेणापूरच्या पंचायत समितीत कारकून होते आणि एखाद्या अर्जावर तारीख नसली तर त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. असल्या माणसाची मुलगी मी, बुद्धप्रिया, लातूरच्या एमआयडीसीत ‘अक्षरा कंपोनंट्स’मध्ये क्वालिटी इनचार्ज म्हणून लागले आणि पहिल्याच दिवशी बघितलं, की इथे कुणी काही लिहूनच ठेवत नाही.

आम्ही ट्रॅक्टरच्या मागे नांगर जोडायला लागणाऱ्या पिना बनवतो. सळई फिरवून कापणारे सहा लेथ, सहा कारागीर. मी विचारायची, “आज खराब माल किती निघाला?”

“निघाला असंल जरासक.”

“जरासक म्हणजे किती?”

“लई न्हाई.”

जरासक, थोडाबहुत आणि बक्कळ, अशी या कारखान्यात मोजमापाची तीन एककं होती. मी महिनाभर गुपचूप मोजून पाहिलं, तर एकट्या ‘जरासक’मध्ये चारापासून चाळीसपर्यंत काहीही बसत होतं. मी मालकांना, म्हणजे शिवप्रसाद शेठना, हे तक्ता काढून दाखवलं. ते म्हणाले, “म्याडम, आपला माल बाजारात चालतोय ना? मग कामून जीवाला घोर लावून घेता?”

घोर त्यांनाही लागला, पण त्याला पुण्याहून पत्र यावं लागलं. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेल्या ट्रॅक्टर कंपनीनं कळवलं होतं, की पुढच्या महिन्यात ऑडिट होईल आणि ज्यांच्याकडे आधुनिक पद्धतीनं काम चालतं, मोजमाप होतं, तेच पुरवठादार टिकतील. शेठनी लगेच नांदेडहून प्रीतम सरांना बोलावलं. हे सल्लागार. गळ्यात ओळखपत्र, हातात लाल दिवा मारणारी कांडी, आणि बोलताना दर तिसऱ्या वाक्याला जपान. जपानला ते गेले नव्हते, पण तीन दिवसांचा कोर्स केला होता.

प्रीतम सरांनी आल्या आल्या कारखान्याच्या फरशीवर पिवळे पट्टे मारायला लावले. यंत्रं एका ओळीत पाहिजेत म्हणाले. पाच लेथ ओळीत होते, फक्त चार नंबरचा भिंतीकडे चार फूट आत होता. रविवारी सुट्टीच्या दिवशी खाली पाइप सरकवून, पहारी लावून आम्ही तो ढकलत ढकलत पट्ट्यावर आणला. लगेच फोटो काढायचा होता. मधे हार घातलेले शेठ, एका बाजूला प्रीतम सर, दुसऱ्या बाजूला मी. यंत्र हलवलं की त्याची लेव्हल, म्हणजे ते सपाट उभं आहे का, बघायची असते, हे मला माहीत होतं. मी म्हटलंसुद्धा, “लेव्हल सोमवारी बघू.”

सोमवारी फळा आला आणि मी लेव्हल विसरले.

फळा ही माझी कल्पना. हिरवा, भिंतभर, वर सहाही कारागिरांची नावं. खाली दोन रकाने, किती केल्या आणि किती खराब. प्रत्येकाच्या यंत्राशेजारी एक लाल डबा ठेवला. पिन माप तपासायच्या गेजमध्ये बसली नाही की ती लाल डब्यात टाकायची, पाच वाजता मी डबे मोजणार, फळ्यावर आकडे लिहिणार. ज्याच्या सगळ्यात कमी खराब त्याला चांदणी, ज्याच्या सगळ्यात जास्त त्याच्या नावाभोवती लाल गोल. हा लाल गोलही माझाच. प्रीतम सरांनी टाळ्या वाजवल्या. शेठनी त्याच्यावर कडी केली. “तीन आठवडे लाल राहिला त्याला मशीनवरून काढायचं. पॅकिंगला बसवायचं.”

पहिल्या संध्याकाळी पाच जणांच्या डब्यांत दोन, तीन, दोन, तीन, एक अशा पिना निघाल्या. चार नंबरच्या धोंडप्पा मामांच्या डब्यात एकतीस.

धोंडप्पा मामा उदगीरकडचे. वय छप्पन्न, कपाळावर विभूती, बोलताना मधेच कानडी. चोवीस वर्षं त्याच लेथवर. बाकीच्या पाचही जणांना लेथ त्यांनीच शिकवलेला. मी एकतीस आकडा लिहिला, नावाभोवती गोल काढला. मामा जेवणाच्या डब्याची पिशवी हातात घेऊन घरी निघाले होते, ते फळ्यापुढे थांबले.

“अव्वा, हे माझंच नाव हाय न्हवं?” मला ते लेकीसारखं ‘अव्वा’ म्हणतात.

“हो मामा. मनाला लावून घेऊ नका. हा नुसता आकडा आहे.”

हे वाक्य मी तेव्हा फार समजूतदारपणे बोलले होते. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मंगळवारी एकोणतीस. बुधवारी तेहेतीस. शनिवारपर्यंत गोल काही हलला नाही. आपल्याकडे बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. गेटवरच्या चहावाल्यानं मामांना विचारलं, “धोंडप्पा, तुमचं कायतरी लाल झालंय म्हणं?” मामांनी चहा तसाच ठेवला आणि आत आले. हे मला रेवणसिद्धनं सांगितलं. रेवणसिद्ध पाच नंबरवर असतो, हात चांगला आहे, पण त्याच्या हाताबद्दल तोच इतकं बोलतो, की दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच राहत नाही. सांगताना तो माझ्याकडे असं बघत होता, जणू मी कुणाची तरी म्हैस सोडून नेली आहे.

दुसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. सोमवारी पाच वाजता मी डबे मोजले. सात, सात, सात, सात, सात, सात. मंगळवारी पुन्हा सगळीकडे सात. बुधवारी सहा. मामांच्या डब्यातही सहाच. मी गोल पुसला. सगळे सारखे, मग गोल काढायचा कुणाला?

आता कुणी शहाणा म्हणेल, की तुला संशय कसा आला नाही? तू तर शिकलेली. यायला हवा होता, कबूल. पण कौतुक झालं की माझी अक्कल रजेवर जाते. प्रीतम सर फळ्यापुढे उभे राहून म्हणाले, “मॅडम, असं तर जपानमध्येसुद्धा नाही!” त्यांनी फळ्याचा फोटो काढून पुण्याच्या ऑडिटरला पाठवला. खाली लिहिलं, शिक्षणातला लातूर पॅटर्न सगळ्यांना ठाऊक आहे, आता बघा कारखान्यातला लातूर पॅटर्न. शेठनी पेढे वाटले. मी रेणापूरला फोन करून वडिलांना सांगितलं, की माझ्या फळ्यानं एक म्हातारा कारागीर आठवड्यात सुधारला. वडील म्हणाले, “लिहून ठेवण्यात ताकद असते, बाळा.”

ती ताकद तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी दिसली.

त्या दिवशी दोन नंबरवरचा नरसिंग रजेवर होता. हदगावला त्याच्या साडूच्या मुलीचं लग्न होतं. पाच वाजता मी नेहमीप्रमाणे डबे मोजले, सगळीकडे सात. केबिनमध्ये येऊन आकडे कॉम्प्युटरवर चढवले, तर नरसिंगच्या ओळीत कॉम्प्युटर अडून बसला. टक्केवारी काढायला तयारच होईना. मी चष्मा पुसून बघितलं. केलेल्या पिना शून्य. खराब झालेल्या पिना सात.

मी परत जाऊन दोन नंबरचा डबा बघितला. सात पिना, नीट दोन ओळींत. म्हणजे नरसिंगनं हदगावात मांडवात बसून, बुंदी खात खात, लातुरात सात पिना खराब केल्या होत्या.

“हे काय आहे?” मी एवढ्या जोरात ओरडले, की रेवणसिद्धनं यंत्र बंद केलं.

सगळे छताकडे बघायला लागले. शेवटी रेवणसिद्धच म्हणाला, “काल आगाऊ करून ठिवल्या असतील, म्याडम. लगीनघाई हाय, मान्सानं तयारी करून जावं लागतंय.”

“खराब पिना आगाऊ करून ठेवल्या?”

तेवढ्यात नागुबाई झाडू टेकवून पुढे आल्या. नागुबाई मावशी आमच्याकडे झाडलोट, चहा आणि पॅकिंग बघतात. त्यांची दुसरी ओळख अशी, की त्यांच्या गल्लीत कुठलंही लग्न असलं, तरी पंगतीत वाढायला त्यांनाच बोलावतात. दोनशे ताटं वाढली तरी एका ताटात एक बुंदी कमी-जास्त पडत नाही, असा त्यांचा लौकिक.

“त्यास्नी कामून बोलता? मी वाटल्यात,” त्या म्हणाल्या.

“काय वाटल्यात?”

“पिना. दुपारी समदे जेवाय बसले का मी लाल डबे गोळा करते, मोजते अन् सारख्या वाटते. सांच्याला साडेचारला आनखी एकदा. तुमी पाचला येता.”

मी मूर्खासारखा हिशेबाचाच प्रश्न विचारला. “आणि सहाने भाग गेला नाही तर?”

“वरच्या एक-दोन मी ठिवते माज्या डब्यात. माझं नाव कुटं हाय फळ्यावर?”

“अहो पण नरसिंग आज आलाच नाही! त्याच्या डब्यात कशाला टाकल्या?”

नागुबाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “म्याडम, वाढताना मानूस बघायचा का ताट? एकांदा बाहिर गेला म्हनून त्याचं ताट रिकामं ठिवतेत व्हय?”

यावर बाकीच्या चौघांनी मान डोलावली. मामांनी डोलावली नाही. ते हातातल्या फडक्यानं चार नंबरचं चाक पुसत होते, पुसून झालेलं पुन्हा पुसत होते.

“मामा, तुम्हाला माहीत होतं हे?”

“माजाच डबा रिकामा व्हतोय अव्वा, मला कसं म्हाईत नसंल?” ते फळ्याकडे न बघता बोलत होते. “पैल्या दिशी मी नगं म्हन्लो. ऐकनात. माज्या हातची पोरं हायती ही. आता माजं उष्टं रोज त्यांच्या ताटात चाल्लंय. लई दिस न्हाई चालवायचं. आडिट झालं का मी हात जोडतो. उदगीरला भावाचं किरानाचं दुकान हाय. पुड्या बांदीन. तितं काटा असतोय, हाताचा भरोसा लागत न्हाई.”

मी केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. राग सगळ्यांचा आला होता. नागुबाईंचा, रेवणसिद्धचा, प्रीतम सरांच्या त्या लाल कांडीचा. दोन आठवड्यांचे माझे आकडे म्हणजे निव्वळ थाप होती आणि मंगळवारी ऑडिट होतं. शेठना सांगितलं तर मामा उद्याच पॅकिंगला जाणार. नाही सांगितलं तर मी खोट्या फळ्यापुढे उभी राहून पुण्याच्या माणसांना लातूर पॅटर्न समजावणार. आणि दोन्हीकडून मामा जाणारच होते, आपल्या पायांनी किंवा शेठच्या हुकुमानं.

शुक्रवारी मी एकच गोष्ट केली. मला वाटत होतं, मामांची नजर कमी झाली आहे. दोन नंबरचा लेथ खिडकीशी आहे, उजेड भरपूर, आणि नरसिंग अजून हदगावातच होता. मी मामांना दोन नंबरवर पाठवलं. चार नंबरचं काम निकडीचं होतं, तिथे रेवणसिद्धला लावलं. पाच नंबरचं एक दिवस थांबलं तरी चालणार होतं. आणि मी स्वतः स्टूल घेऊन लाल डब्यांच्या मधोमध बसले.

“नागुबाई मावशी, आज वाढप बंद.”

“बरं,” त्या म्हणाल्या, पण आवाज असा, जणू लग्न मोडलं.

रेवणसिद्धनं बाह्या सरसावल्या. “मामाच्या मशीनवर आता बगा कसं सोनं निगतं.”

दहा वाजेपर्यंत त्याच्या डब्यात पाच पिना पडल्या. त्यानं गेज पुसला. अकराला नऊ झाल्या, त्यानं गेज बदलून मागितला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पंधरा. जेवण झाल्यावर तो तोंड धुऊन आला, डोळ्यांवर पाणी मारलं, खिशातून बायकोनं दिलेला काळा दोरा काढून मनगटाला बांधला. तीन वाजता तो नागुबाईंना हळूच म्हणाला, “मावशी, जरा मीठ-मिर्ची उतरवा की. नजर लागली कुनाची तर.” नागुबाईंनी खरंच उतरवली. चार वाजता चोवीस झाल्या होत्या.

पाचला मी मोजलं. रेवणसिद्ध तीस. खिडकीशी मामा दोन.

रेवणसिद्ध खाली फरशीवर बसला. “म्याडम, माजं वय चौतीस हाय,” तो म्हणाला. “एवड्यात हात जातोय व्हय?”

मी त्याच्या डब्यातल्या पिना उचलून मायक्रोमीटर लावला. एका टोकाला बरोबर, दुसऱ्या टोकाला जाड. दुसरी पिनही तशीच. तिसरीही. तीसच्या तीस पिना एकाच बाजूला फुगलेल्या. माणसाचा हात चुकला तर कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. एवढ्या शिस्तीनं चुकायला यंत्रच लागतं.

तेव्हा मला तो रविवार आठवला. पाइप, पहारी, हार घातलेले शेठ, आणि माझं ते ‘लेव्हल सोमवारी बघू’.

मी लेव्हल आणून चार नंबरच्या पाठीवर ठेवली. नळीतला बुडबुडा घाईनं एका कोपऱ्यात जाऊन बसला. खाली वाकून बघितलं, तर लेथचा एक पाय जुन्या गटारावर घातलेल्या फरशीवर आला होता आणि फरशी बोटभर दबली होती. यंत्र पिळलं गेलं होतं. वेडंवाकडं उभं राहून ते बिचारं जमेल तसं कापत होतं.

“मामा,” मी म्हटलं, “तुम्ही चोवीस वर्षं या लेथवर आहात. तुमच्या लक्षात नाही आलं? बोलायचं नाही का?”

मामा लेथच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. “चोवीस वर्सं भाकर दिली हिनं. दर दसऱ्याला फुलं वाहतो आमी. आपलं चुकलं म्हनून हिला नाव ठिवायचं? मनात बी आलं न्हाई.” मग म्हणाले, “अन् आदी कुनी मोजलंच न्हवतं, अव्वा. तुमी मोजलं तवा कळालं. मला वाटलं, हात कवाचाच गेलाय, आपल्यालाच ठावं नव्हतं.”

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, सगळ्यांसमोर आलं. या माणसाच्या नावाभोवती मी स्वतःच्या हातानं सहा दिवस गोल काढला होता. माणसं मोजायला निघाले होते आणि यंत्रापाशी एकदा वाकून बघितलं नव्हतं. बाकीच्यांनी मायेपोटी वाटून घेतलं, त्यामुळे दुखणं कुठल्या यंत्राचं आहे हेही झाकलं गेलं. मी चुकीच्या जागी बोट दाखवलं आणि त्यांनी ते बोट सहा जणांत वाटून टाकलं.

शनिवारी चार नंबर गटारावरून हलवला. खाली पत्रे घालून, बुडबुडा मधोमध येईपर्यंत पायांचे नट फिरवले. ते काम मामांनीच केलं, मी बॅटरी धरून बसले. पिवळा पट्टा आता यंत्राच्या पोटाखालून जात होता. सोमवारी मामा चार नंबरवर परत आले. पाच वाजता त्यांच्या डब्यात एक पिन होती, ती त्यांनी मला दोनदा मोजायला लावली.

सोमवारीच मी शेठना सगळं सांगितलं. ते खुर्चीतून उठले, परत बसले. “आडिटच्या आदल्या दिशी सांगून राहिल्या तुमी?”

“हो. आणि फळ्यावर खरं लिहिणार आहे.”

“काय खरं?”

ते मी आधीच काढून ठेवलं होतं. रविवारी भंगाराच्या पेटीतल्या तीन आठवड्यांच्या सगळ्या पिना काढून एकेक मोजली. एका टोकाला फुगलेल्या, म्हणजे त्या वाकड्या लेथच्या, भरल्या पाचशे पाच. सोमवारी संध्याकाळी मी फळा पुसला. सहाही नावांपुढे त्या दिवशी ज्याच्या त्याच्या हातून खरोखर झालेल्या चुका लिहिल्या. मग खाली सातवं नाव लिहिलं, बुद्धप्रिया. पुढे पाचशे पाच. आणि नावाभोवती लाल गोल काढला, चांगला ठसठशीत. शेठ मागे उभे होते. ते कपाळ चोळत निघून गेले.

मंगळवारी सकाळी आठला मी आले, तेव्हा प्रीतम सर फळ्याला झेंडूची माळ घालत होते आणि घालता घालता थबकले होते. मीही थबकले. माझा गोल पुसलेला होता. पाचशे पाच पुसलेला होता. त्या जागी ओळीनं नऊ नावं होती. धोंडप्पा छप्पन्न. नरसिंग छप्पन्न. रेवणसिद्ध छप्पन्न. बाकीचे तिघे छप्पन्न. बुद्धप्रिया छप्पन्न. नागुबाई छप्पन्न. नववं नाव शेठच्या स्वतःच्या अक्षरात होतं, शिवप्रसाद, छप्पन्न. आणि सगळ्यात खाली, प्रीतम सर (नांदेड), एक.

“हे माझं नाव कशाला?” प्रीतम सर म्हणाले.

“नवानं भाग घातला,” हदगावहून परत आलेला नरसिंग म्हणाला. “एक उरली. फोटूत तुमी बी व्हता.”

माझं डोकं फिरलं. “पुसा हे! एवढं सगळं होऊन पुन्हा तेच? वाटलं की दुखणं झाकतं, किती वेळा सांगू? कुठे चुकलं हे कसं कळणार मग?”

“कुटं चुकलं ते कळालं की, अव्वा,” धोंडप्पा मामा म्हणाले. ते चार नंबरपाशी उभे होते, हातात खडू होता. “मशीनचं दुखनं सापडलं. आता वाटून घ्याया काय हरकत हाय? तुमी एकल्यानं कामून घ्यावं?”

मी फळा पुसायचं फडकं उचललं होतं, ते परत खाली ठेवलं.

“सगळ्यांचे आकडे सारखे कसे?” असं कुणीतरी मागून विचारलं. पुण्याच्या ऑडिटर बाई दारातच उभ्या होत्या, पायात खेळायचे बूट, हातात वही. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. प्रीतम सर कांडी घेऊन पुढे झाले, पण मी त्यांच्या आधी बोलायला लागले. रविवारच्या फोटोपासून हदगावच्या बुंदीपर्यंत सगळं सांगितलं. हदगावपाशी बाईंनी वहीनं तोंड झाकलं, हसत होत्या की काय ते दिसलं नाही. मग त्या चार नंबरपाशी गेल्या, स्वतःची लेव्हल काढून ठेवली, मामांना पाच पिना करायला सांगितल्या. पाचही दोन्ही टोकांना मोजल्या. पाचही बरोबर होत्या. मामा त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

“आता फळ्याचं काय करणार?” बाईंनी मला विचारलं.

“माणसांची नावं काढणार. यंत्रांचे नंबर घालणार. लाल डबा ज्या यंत्राचा त्याचाच राहणार, आणि आकडा वाढला की आधी यंत्राखाली वाकून बघणार.”

त्यांनी लिहून घेतलं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, तोवर काम चालू ठेवा, म्हणाल्या. शेठनी एवढा मोठा श्वास सोडला, की झेंडूची माळ हलली. धोंडप्पा मामांनी पुढची सळई चिमटीत धरून लेथ सुरू केला.

एक वाजता भोंगा झाला. कारागीर रोज पॅकिंगच्या खोलीत पुठ्ठे अंथरून ओळीनं जेवायला बसतात. नागुबाई सगळ्यांचे डबे उघडून भाजी एकत्र करतात आणि वाढतात. मी माझा डबा केबिनमध्ये, कॉम्प्युटरपुढे खाते. दीड वर्षं तसंच चाललं होतं. मला कुणी कधी बोलावलं नव्हतं, मीही कधी गेले नव्हते, आणि त्याबद्दल कुणीच कधी काही बोललं नव्हतं.

त्या दिवशी मी केबिनकडे निघाले, तर नागुबाई दारात आडव्या उभ्या. हातात पळी.

“कुटं निगाल्या? ताट मांडलंय तुमचं.”

मी आत बघितलं. आठवं ताट होतं.

“मावशी, माझा डबा केबिनमध्ये आहे.”

“मग घिऊन या. छप्पन्न पिना घेतल्या न्हवं आमच्यासंगं? मग भाकर बी हितंच खायाची.”

मी डबा घेऊन आले, तोवर धोंडप्पा मामांनी सरकून शेजारी जागा केली होती.